घोडचूक नेमकी कुठे झाली?

ठाण्याहून सुटलेली वाशी लोकल ऐरोलीला पोचेपर्यंत मोबाइलवरच्या बुद्धिबळात माझा घोडा पटावरच्या सी७ या घरावर जाऊन बसला होता. राजाला शह आणि त्याच वेळी कोपऱ्यातल्या हत्तीवर नेम! समोरच्याने राजा एक घर सरकवला, मी हत्ती गट्ट केला. रबाळ्याला मनातल्या मनात पेढे वाटले. कोपरखैरण्याला मात झाली. मला.

रात्री जेवणं आटोपल्यावर मोबाइलवर तो डाव पुन्हा उघडला. चूक शेवटी झाली, अशी माझी पक्की समजूत होती. काळा घोडा जी४ वर आला तेव्हा एच२ च्या प्याद्यावर वजीर टपलाय हे उशिरा ध्यानात आलं, आणि मग सगळंच कोसळलं. पण इंजिनाने, म्हणजे डाव तपासणाऱ्या संगणक प्रोग्रॅमने, घोडचुकीची दोन लाल प्रश्नचिन्हं लावली होती ती भलत्याच जागी, ज्या खेळीवर मी खूश होतो तिच्यावर. डी५ वरून माझा घोडा सी७ ऐवजी एफ६ वर गेला असता तर तिथला काळा घोडा मेला असता, तोही शह देऊन. मला पुढे कोंडीत पकडणारा घोडा तोच.

ही लाल चिन्हं येतात कशी? स्टॉकफिशसारखं इंजिन प्रत्येक स्थितीला एक आकडा देतं. त्याचं माप प्यादं. एका प्याद्याचे शंभर भाग धरायचे आणि पांढरा किती भागांनी पुढे किंवा मागे आहे ते सांगायचं. लाखो स्थिती तपासून हा आकडा निघतो. २०२० पासून स्टॉकफिशमध्ये स्थिती जोखायला एक छोटं न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकलेली संगणकीय रचना, आहे. लिचेससारख्या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर या आकड्याचं जिंकण्याच्या शक्यतेत रूपांतर होतं, आणि तुमच्या खेळीने ती शक्यता किती घसरली त्यावर चुकीचा रंग ठरतो. त्यामुळे आधीच बुडालेल्या डावात तुम्ही आणखी एक प्यादं घालवलंत तर कुणी लाल शाई वापरत नाही. माझ्या शेवटच्या खेळ्या बिनडाग दिसत होत्या त्या म्हणूनच. मी सुधारलो होतो अशातला भाग नाही.

इंजिन एवढंच सांगतं. एफ६ मला का दिसलं नाही, हे त्याला विचारून उपयोग नाही. घाई म्हणावी तर घड्याळात पाच मिनिटं शिल्लक होती.

याचं उत्तर बुद्धिबळपटूंच्या डोळ्यांवर लक्ष ठेवणाऱ्या एका प्रयोगात सापडतं. २००८ मध्ये मेरीम बिलालिच, पीटर मॅक्लाउड आणि फर्नांड गोबे या संशोधकांनी तरबेज खेळाडूंपुढे एक स्थिती मांडली. तिच्यात दोन उत्तरं दडलेली होती. एक नेहमीच्या ओळखीचं: राजा स्वतःच्याच मोहऱ्यांत कोंडला जातो आणि घोडा मात करतो. दुसरं कमी खेळ्यांचं, पण अनोळखी. बऱ्याच जणांना ओळखीचं उत्तर पटकन सापडलं, छोटं सापडलंच नाही. मग पटावर थोडा बदल करून ओळखीची वाट बंद केली, तर तशाच ताकदीच्या खेळाडूंना छोटी वाट दिसली! म्हणजे अक्कल होती. पहिली कल्पना दारात आडवी पडली होती.

मला खरी गंमत वाटते ती पुढची. ‘आम्ही याहून चांगली खेळी शोधतोय’ असं हे खेळाडू सांगत होते, आणि प्रामाणिकपणेच सांगत होते. पण नजर टिपणारा कॅमेरा दाखवत होता की डोळे पुन्हा पुन्हा पहिल्या उत्तराच्याच घरांवर फिरताहेत. शोध चालू आहे असं वाटत असतं, पण गाडी यार्डातल्या यार्डातच फिरत असते. ऐरोलीला मीही अगदी ‘दुसरं काही आहे का’ असं स्वतःला विचारलं होतं. विचारलं, आणि सी७ कडेच बघत राहिलो.

डाव तपासताना दुसरा एक सापळा असतो. उत्तर समोर आलं की वाटतं, हे तर मला माहीतच होतं. मानसशास्त्रज्ञ बारूख फिशहॉफ यांनी १९७०च्या दशकात हे दाखवलं. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष निक्सन यांच्या चीन आणि मॉस्को दौऱ्यांआधी लोकांकडून अंदाज घेतले, दौरे झाल्यावर तेच अंदाज आठवायला सांगितले. जे घडलं होतं, त्याची शक्यता आपण जास्त सांगितली होती असं अनेकांना आठवलं. इंजिनाचा बाण पडद्यावर उमटला की माझंही तसंच होतं: ‘अरे हो, एफ६, बरोबर.’ हे ‘बरोबर’ कुठून आलं?

म्हणून हल्ली इंजिन सुरू करण्याआधी मी वहीत लिहितो. चूक कुठे झाली असावी, आणि ती खेळी करताना डोक्यात काय होतं. एकच ओळ, पण त्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी मन नवीन कारणं रचतं. पानं चाळली तर एक वाक्य सारखं येतं: ‘शह देता येत होता, म्हणून दिला.’

नौपाड्यातल्या आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक काका राहतात. मला घोड्याची अडीच घरं त्यांनीच शिकवली. घाईत खेळी होऊ नये म्हणून हात मांडीखाली दाबून बस, हा त्यांचा जुना उपाय. रविवारी वही त्यांना दाखवली. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी दोन पानं वाचली आणि म्हणाले, “शह दिलाच पाहिजे, असं कुठे लिहिलंय रे?”

मग पट मांडला. विसाव्या खेळीच्या आसपास काकांनी लागोपाठ तीन शह दिले आणि चौथ्या खेळीला वजीर घालवला. हात मांडीखाली नव्हते.

वही मागून घेतली त्यांनी. लिहिलं मात्र अजून काही नाही.