कच्चं मांस आणि कच्चा आहार: न जेवणाऱ्या पिल्लाच्या वाटीतला फरक

सकाळचं खाणं वाटीत तसंच पडलेलं असतं. कुत्र्याचं पिल्लू येतं, हुंगतं, तयार खाण्याचा एखादा दाणा उचलून फरशीवर टाकतं आणि निघून जातं. दुपारी पुन्हा तेच. मग कुणीतरी सुचवतं, कच्चं चिकन देऊन बघा. दोन तुकडे पुढे ठेवले की तेच पिल्लू न चावता गिळतं आणि वर वाटी चाटूनपुसून लख्ख करतं. घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. दुसऱ्या दिवसापासून जुनं खाणं बंद आणि नुसतं चिकन सुरू.

चूक इथेच होते. त्या दोन तुकड्यांनी एवढंच सांगितलं, की पिल्लाला मांसाचा वास आणि चव आवडते. वाढीला लागणारं सगळं त्यात आहे का, आणि मुळात भूक का गेली होती, हे दोन्ही प्रश्न होते तिथेच राहिले.

कच्चं मांस हा एक पदार्थ झाला. कच्चा आहार म्हणजे अनेक पदार्थ मोजूनमापून जमवलेलं पूर्ण खाणं: मांस, खाता येईल असं हाड, कलेजी, आणखी एखादा अवयव, आणि एवढं करूनही जे कमी पडतं त्याची भर. बोलताना दोन्हींना ‘रॉ’ म्हणतात, म्हणून एकाच्या नावावर दुसरं खपतं. मोठ्या कुत्र्याला काही दिवस नुसतं मांस दिलं तर बाहेरून फारसं काही दिसत नाही, कारण त्याचा सांगाडा तयार झालेला असतो. पिल्लाचा सांगाडा रोज बांधला जात असतो आणि बांधायचं सामान रोजच्या वाटीतूनच यावं लागतं.

४ किलोच्या पिल्लाचा हिशेब

तीन महिन्यांचं, ४ किलो वजनाचं पिल्लू धरू. किलोमधल्या वजनाच्या ०.७५ व्या घाताला ७० ने गुणलं की स्वस्थ पडून असताना लागणारी ऊर्जा येते, ती इथे साधारण २०० किलोकॅलरी. चार महिन्यांपर्यंत त्याच्या तिप्पट लागते, म्हणजे ६०० च्या आसपास. मध्यम चरबीच्या १०० ग्रॅम कच्च्या मांसात सुमारे १५० किलोकॅलरी असतात. म्हणजे दिवसाला ४०० ग्रॅम मांस, पिल्लाच्या वजनाच्या दहा टक्के. इथपर्यंत सगळं ठीक वाटतं.

आता कॅल्शियम बघा. वाढत्या पिल्लाला दर १००० किलोकॅलरीमागे ३ ग्रॅम कॅल्शियम लागतं, म्हणजे या पिल्लाला रोज १८०० मिलिग्रॅम. बिनहाडाच्या १०० ग्रॅम मांसात ते असतं जेमतेम १० मिलिग्रॅम. ४०० ग्रॅम खाऊन पिल्लाच्या पोटात गेले ४० मिलिग्रॅम. त्याच मांसात फॉस्फरस मात्र ८०० मिलिग्रॅमच्या घरात असतो. पिल्लाला कॅल्शियम फॉस्फरसइतकं किंवा त्याहून थोडं जास्त, दीडपटीपर्यंत हवं असतं. इथे प्रमाण उलटं होऊन एकास वीस झालं.

रक्तातलं कॅल्शियम शरीर घसरू देत नाही, कारण हृदय आणि स्नायू त्यावर चालतात. वाटीतून आलं नाही तर गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांतून ते काढून घेतात. म्हणून रक्ततपासणीत आकडा बहुतेक वेळा नॉर्मलच येतो आणि घरचे निर्धास्त होतात. तोवर हाडं आतून विरळ होत जातात. काही आठवड्यांत पिल्लू उडी मारायचं टाळतं, उचलताना कळवळतं, पुढचे पाय पसरून चालतं, एक दिवस सोफ्यावरून उतरताना पाय मोडतो. एक्स-रेमध्ये हाडं फिकी, पातळ सालीची दिसतात. याला सर्रास मुडदूस म्हटलं जातं. पण मुडदूस प्रामुख्यानं ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेनं होतो आणि इथे मूळ दोष कॅल्शियमचा आहे. दोन्हींचे उपाय वेगळे, म्हणून मनानं ड जीवनसत्त्वाचे थेंब सुरू करू नयेत. ते जास्त झालं तर मूत्रपिंडावर येतं.

या सगळ्या काळात पिल्लू आवडीनं खात असतं, केस चमकत असतात, वजनही वाढत असतं. ते वाढतं वजन पेलायचं त्याच विरळ हाडांवर.

‘मग अंड्याचं कवच घालू’ हा उपाय अर्धाच आहे. वाळवून अगदी बारीक दळलेल्या कवचाच्या सपाट चमचाभर, साधारण ५ ग्रॅम, पुडीत १८०० ते १९०० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. कॅल्शियमची भरपाई झाली. फॉस्फरस मात्र ८०० वरच राहिला आणि पिल्लाला तोही १५०० च्या आसपास हवा. आता प्रमाण दुसऱ्या टोकाला गेलं. म्हणून पिल्लाच्या बाबतीत खरं हाड किंवा खाण्याच्या दर्जाची हाडांची भुकटी बरी, कारण दोन्ही खनिजं त्यातून एकत्र येतात. भुकटीत २७ टक्के कॅल्शियम आणि १३ टक्के फॉस्फरस असेल तर या पिल्लाला दिवसाला साडेसहा ग्रॅम पुरते. बागेच्या खतासाठी मिळणारी हाडांची भुकटी चुकूनही वापरू नका.

जास्तीचं कॅल्शियमही तितकंच वाईट, विशेषतः मोठ्या जातींत. जेमतेम काही महिन्यांच्या पिल्लाच्या आतड्याला नको असलेलं कॅल्शियम अडवता येत नाही, दिलं तेवढं बरंचसं शोषलं जातं आणि सांध्यांची वाढ बिघडते. पूर्ण आहारावर वरून कॅल्शियमचं सिरप देण्याची सवय म्हणूनच मोडायला हवी.

८०:१०:१० पुरेसं आहे का?

कच्च्या आहाराचं सर्वांत जास्त सांगितलं जाणारं सूत्र म्हणजे ८० टक्के मांस, १० टक्के हाड, ५ टक्के कलेजी आणि ५ टक्के गुर्दा किंवा तिल्ली. हृदय आणि गिझर्ड (कोंबडीच्या पोटाचा स्नायूंचा भाग) दिसायला अवयव असले तरी मोजताना ते मांसातच धरायचे. इथे अनेकांचा हिशेब चुकतो. ४०० ग्रॅममध्ये हाड ४० ग्रॅम आलं. कोंबडीच्या पंखात जवळजवळ निम्मं हाड असतं, म्हणजे ९० ग्रॅम पंख दिले की हाडाचा वाटा भरला. कलेजी २० ग्रॅम, त्याहून अधिक नको, कारण तिच्यातलं अ जीवनसत्त्व शरीरात साठत जातं. पिल्लू कलेजीच आवडीनं खातं म्हणून तीच रोज वाटीभर देणं म्हणजे एक कमतरता सोडून दुसऱ्या अतिरेकाकडे जाणं.

नुसत्या मांसापेक्षा हे सूत्र कितीतरी बरं. पण तेही पूर्ण नाही. जस्त, मँगनीज, आयोडीन, ई आणि ड जीवनसत्त्व आणि माशातून मिळणारं ओमेगा-३ त्यात सहसा कमी पडतं. घरी करायचं तर पशुआहारतज्ज्ञाकडून त्या पिल्लासाठी ग्रॅममध्ये पाककृती लिहून घ्यावी आणि तीत मनानं बदल करू नये. तयार गोठवलेलं पाकीट घ्यायचं तर समोरच्या मोठ्या अक्षरांपेक्षा मागची बारीक ओळ वाचा. ‘कम्प्लीट’ म्हणजे पूर्ण आहार. ‘कॉम्प्लिमेंटरी’ म्हणजे इतर खाण्यासोबत द्यायचा जोड. पूर्ण असला तरी तो वाढीच्या वयासाठी किंवा सर्व वयांसाठी असं लिहिलेलं हवं. मोठेपणी ३२ किलोंच्या वर जाणाऱ्या जातींसाठी तसा स्पष्ट उल्लेखही हवा.

हाड कच्चंच द्यायचं. शिजवलेलं हाड टोकदार फुटतं. भराभर गिळणाऱ्या पिल्लाला हाडासकट खिमाच बरा. कोंबडीची मान अख्खी गिळली तर घशात अडकते. शिवाय मेलबर्न विद्यापीठाच्या २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कच्चं चिकन, विशेषतः मान, आणि कुत्र्यांचे पाय लुळे पाडणारा मज्जातंतूंचा एक आजार यांचा संबंध दिसला. कॅम्पिलोबॅक्टर जीवाणूवर संशय आहे.

कच्च्या मांसात साल्मोनेला, लिस्टेरिया, ई. कोलाय हे जीवाणू असू शकतात आणि गोठवल्यानं ते मरत नाहीत. परजीवींचा धोका गोठवून कमी होतो: मेंढी-बकरीचे अवयव उणे २० अंशांवर किमान १० दिवस ठेवावेत, नाहीतर त्यातल्या पाणगाठींमधून कुत्र्याला फीतकृमी होतो आणि पुढे तो माणसापर्यंत येतो. कच्चं डुकराचं मांस टाळलेलं बरं, डुकरांतून येणारा ऑजेस्की हा विषाणूजन्य आजार कुत्र्यात जीवघेणाच असतो. घरात तान्हं मूल, गरोदर बाई, म्हातारं माणूस किंवा केमोथेरपीवरचा रुग्ण असेल तर कच्चं देऊच नका. पिल्लू वाटी चाटतं आणि त्याच तोंडानं सगळ्यांना चाटतं. अमेरिकेच्या पशुवैद्यकांच्या संघटनेनं २०१२ पासून कच्चं मांस न देण्याचाच सल्ला दिला आहे, हे निर्णयाआधी माहीत असावं.

आधी भूक का गेली ते बघा

मांस खाल्लं म्हणजे पिल्लू बरं आहे, असं नाही. जंत, घशात किंवा पोटात अडकलेली वस्तू, पार्व्हो या विषाणूजन्य आजाराची सुरुवात, यांत पिल्लू सुरुवातीला चवीचं खाऊन घेतंही. यकृताला वळसा घालून रक्त नेणारी जन्मजात नस असलेली पिल्लं तर खास लक्षात ठेवावीत. ती भावंडांपेक्षा लहानखुरी राहतात, कमी खातात आणि मांसाचं जेवण झाल्यावर एक-दोन तासांत सुस्त होतात, भिंतीला डोकं टेकून उभी राहतात किंवा गोल फिरतात. अशा पिल्लाला मांसानं भूक लावायला जाणं म्हणजे आजारावर तेल ओतणं.

उलटी, जुलाब, ताप, पाणीही न पिणं, यांतलं काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. काही लक्षण नसलं तरी १२ तास पोटात काही गेलं नाही तर फोन करा. अगदी छोट्या जातींच्या पिल्लांत साखर त्याआधीच उतरते: ती लटपटतात, डोळे थिजतात. हिरड्यांना मध चोळा आणि लगेच निघा. लसीनंतरचा एक मंद दिवस, किंवा चार-पाच महिन्यांत दुधाचे दात पडताना दुखरं तोंड, ही साधी कारणं. त्यात पिल्लू खेळतं, शेपटी हलवतं, फक्त कमी खातं.

तपासून सगळं ठीक निघालं तरी पूर्ण कच्च्यावर जायची घाई नको. भूक मंद असलेल्या पिल्लासाठी त्याआधीची एक सोपी पायरी आहे. त्याचा संतुलित पिल्लांचा आहार चालू ठेवायचा आणि त्यावर मांस फक्त दहा टक्के ऊर्जेपुरतं घालायचं. आपल्या ४ किलोच्या पिल्लाला ते दिवसाला ४० ग्रॅम होतं, चार जेवणांत विभागलं तर दरवेळी १० ग्रॅम. एवढ्यानं खनिजांचा तोल बिघडत नाही. ते वाफवून बारीक करून कोमट पाण्यासह दाण्यांत नीट कालवा. वर नुसतं पसरलं तर पिल्लू तेवढंच वेचून खातं. अंगाइतकं कोमट झालं की वास सुटतो, बहुतेक पिल्लांचा हट्ट तिथेच सुटतो. वाटी २० मिनिटांनी उचला, मधे बिस्किटं नकोत, आणि रोज नवं काही पुढे करू नका.

त्यानंतरही कच्च्याकडे जायचं ठरलं तर एकाच प्राण्याचं मांस घेऊन ७ ते १० दिवसांत चौथा, अर्धा, पाऊण हिस्सा असं बदला. अवयव शेवटी, थोडेथोडे. गोठवलेलं पाकीट रात्री फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवून वितळवा. देताना बंद पिशवी कोमट पाण्यात धरा, मायक्रोवेव्ह नको, त्यानं हाड कडक होतं. उरलेलं अर्ध्या तासात टाकून द्या. वजन आठवड्यातून दोनदा त्याच काट्यावर.

आणि शी रोज बघा. पांढरट, कोरडी, बोटानं चुरा होणारी आणि कुंथून होणारी असेल तर हाड जास्त झालंय. मऊ, गडद तपकिरी असेल तर अवयवांची घाई झाली, दोन दिवस मागे या. डांबरासारखी काळी, चिकट आणि उग्र वासाची असेल तर ते आतलं रक्त असू शकतं. तेव्हा आहारात बदल करत बसू नका, नमुना डबीत घेऊन पिल्लासह दवाखान्यात जा.