आरती, एसी आणि मामाचा खोकला

चवथीला गोव्यात डिचोलीला मामाकडे होतो, आरत्यांना वीसेक माणसं, घुमट-शामेळ-कासाळें (आपली आरतीची ढोलकी-झांजेसारखी वाद्यं) अगदी जोरात, बाहेर पाऊस पिसाटलेला म्हणून खिडक्या बंद आणि हॉलमध्ये नवाकोरा स्प्लिट एसी. तीन दिवसांनी अर्धं घर खोकतंय. मामी म्हणाली, "पावसात भिजलात, दुसरं काय होणार!"

मला मात्र संशय आरतीवर आहे, देवाची माफी मागून.

कसं आहे, आजारी माणसाच्या तोंडा-नाकातून उडणाऱ्या थेंबांत विषाणू असतात. त्यातले शिंकताना उडतात ते मोठे थेंब, म्हणजे 100 मायक्रॉनच्या वरचे (आपला केस साधारण 70 मायक्रॉन जाड), ते काही सेकंदांत खाली पडतात. कोविडमध्ये 'दोन मीटर लांब राहा' सांगायचे ते मुख्यतः यांच्यासाठी. पण बोलताना-गाताना त्याहून बारीक थेंब भरपूर निघतात आणि ते हवेतच सुकून आणखी हलके होतात. 5 मायक्रॉनचा कण डोक्याच्या उंचीवरून स्थिर हवेत खाली यायला अर्धा तास तरी घेतो, 1 मायक्रॉनचा तर बारा-एक तास, आणि माणसं असलेल्या खोलीत हवा स्थिर कधी असते? अगरबत्तीचा धूर आठवा, कोपऱ्यात लावली तरी थोड्या वेळाने सगळ्या हॉलभर वास. तसंच हे, फक्त दिसत नाही आणि वासही येत नाही.

त्यात आवाज जितका मोठा तितके कण जास्त, कारण स्वरयंत्राच्या पट्ट्या थरथरतात तेव्हाच तिथला ओलावा फुटून बारीक फवारा होतो. मार्च 2020 मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या एका गायनवृंदाचा अडीच तास सराव झाला, 61 जण होते, एकाला सर्दीसारखं वाटत होतं, त्याला धरून 53 जण कोविडने आजारी पडले आणि दोघे गेले. आता आपली घुमट आरती आठवा, हळू आवाजात म्हटलेली कोणी ऐकलीय?

राहिला एसी. खूप जणांना वाटतं तो बाहेरची हवा आत आणतो, पण साधा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा गार करून परत फिरवतो, बाहेरचं युनिट फक्त उष्णता बाहेर टाकतं. जानेवारी 2020 मध्ये चीनच्या ग्वांगझूमधल्या एका रेस्टॉरंटमध्ये शेजारशेजारच्या तीन टेबलांवरच्या कुटुंबांतल्या 10 जणांना असाच कोविड झाला, हवा एसीने तिथल्या तिथेच घुमत होती, ताजी हवा जवळजवळ नाहीच.

गंमत म्हणजे मामाच्या जुन्या घरात हा प्रश्न नव्हता. मधे राजांगण उघडं, वर कौलं, फटींतून गरम हवा निघून जायची आणि दारातून नवी यायची. नवीन घरात स्लॅब आणि स्लायडिंग खिडक्या. मी म्हटलं, पुढच्या वर्षी आरतीला पाऊस येत नाही त्या बाजूची खिडकी उघडी ठेवूया आणि किचनचा एक्झॉस्ट चालू, म्हणजे हवा एकीकडून येईल आणि दुसरीकडून जाईल.

मामा खोकत खोकत म्हणाला, "मग एसी कशाला घेतला रे?"