बाळाची बारीक चुळबुळ

मुंबईतील मोठ्या रुग्णालयांत नवजात अतिदक्षता विभागाच्या दाराशी बसलेल्या नातेवाइकांकडून एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘बाळ जन्मल्यावर रडलं नाही, म्हणून काचेच्या पेटीत ठेवलंय.’ या न रडण्यामागे पुष्कळदा प्रसूतीच्या वेळी मेंदूला रक्त आणि प्राणवायू कमी पडलेला असतो. ही इजा एका क्षणात पूर्ण होत नाही. रक्तपुरवठा पूर्ववत झाल्यावर मेंदूच्या पेशी काही तास सावरल्यासारख्या दिसतात आणि मग त्यांची ऊर्जा दुसऱ्यांदा ढासळू लागते. या मधल्या अवधीत बाळाचे शरीर ३३ ते ३४ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून ७२ तास तसेच ठेवण्याचा उपचार श्रीमंत देशांत रुळला आहे. मात्र भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातील ४०८ बाळांवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘हेलिक्स’ चाचणीत, जिच्यात मुंबईच्या शीव रुग्णालयाचाही सहभाग होता, थंड केलेल्या बाळांपैकी ४२ टक्के, तर नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी ३१ टक्के दगावली. म्हणूनच आपल्याकडे, वाचलेल्या बाळाकडे पुढचे काही महिने डोळ्यांत तेल घालून पाहणे अधिकच गरजेचे आहे.

नेमके काय पाहायचे, हे हाइन्झ प्रेष्टल यांनी दाखवून दिले. नेदरलँड्समधील ग्रोनिंगन आणि नंतर ऑस्ट्रियातील ग्राझ येथे काम केलेल्या या संशोधकाने बाळाला टोचले नाही, ओढले नाही, हातोडीने गुडघा ठोकला नाही. बाळ जागे आणि शांत असताना आपणहून कशी हालचाल करते, ते त्यांनी चित्रफितींवर पुन्हा पुन्हा पाहिले.

दिवस भरण्याच्या तारखेनंतरच्या (म्हणजे प्रसूतीच्या अपेक्षित तारखेनंतरच्या) ९ ते २० आठवड्यांत निरोगी बाळाच्या मानेत, धडात आणि हातापायांत एक बारीक, अखंड चुळबुळ असते. मनगट किंचित वळते, घोटा फिरतो, खांदा हलतो, मान जराशी कलते. वेग बेताचा, दिशा सतत बदलती. ही हालचाल पाठीच्या कण्यातील आणि मेंदूच्या खालच्या भागातील चेतापेशींची जाळी निर्माण करतात, पण तिच्यातील वैविध्य वरच्या मेंदूकडून येणाऱ्या संदेशांमुळे येते. त्या संदेशांच्या वाटेवरील तंतूंना इजा झाली, तर बाळ हलते खरे, पण चुळबुळ नाहीशी होते. ‘हातपाय तर मारतंय की,’ या आजीच्या बोलण्याने म्हणूनच निश्चिंत होता येत नाही.

१९९७ साली प्रेष्टल आणि सहकाऱ्यांनी १३० बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चुळबुळ नीट असलेल्या ७० पैकी ६७ बाळे दोन वर्षांनी मज्जासंस्थेच्या तपासणीत निर्दोष होती. ती नसलेल्या किंवा बिघडलेल्या ६० पैकी ५७ बाळांमध्ये दोष आढळला. अशा इजेमुळे हालचाल आणि तोल यांत कायमचा दोष राहतो, त्याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. तिचे निदान एरवी मूल बसायला, चालायला मागे पडल्यावर, वर्ष-दीड वर्षाने होते. तोवर मेंदूच्या घडणीचा सर्वांत वेगाचा काळ निघून गेलेला असतो, आणि मला याचीच सर्वाधिक खंत वाटते.

मुंबईपुरती यात एक खास अडचण आहे. बाळंतीण सव्वा महिन्यानंतर अनेकदा माहेरी, कोकणात किंवा साताऱ्याकडे जाते आणि बाळ पाच-सहा महिन्यांचे झाल्यावर परतते. म्हणजे पाहण्याजोगे नेमके आठवडे गावी निघून जातात आणि केसपेपरवरची फेरतपासणीची तारीख तशीच राहते. आठ आठवडे आधी जन्मलेल्या बाळाचा हिशेबही चुकतो. जन्मून १४ आठवडे झाले, तरी दिवस भरण्याच्या तारखेपासून ते ६ आठवड्यांचेच असते आणि त्याची चुळबुळ अजून सुरू व्हायची असते.

यावर उपाय घरातल्या मोबाइलमध्ये आहे. बाळाचे पोट भरलेले असावे, ते रडत नसावे, झोपेला आलेले नसावे. दुपट्यात न गुंडाळता, हातपाय उघडे राहतील असे झबले घालून त्याला सतरंजीवर उताणे ठेवावे. तोंडात चोखणी नको, समोर खुळखुळा नको, कोणी बोलायचे नाही. डोक्यापासून पायापर्यंत सारे बाळ दिसेल असे तीन ते पाच मिनिटांचे चित्रण करून ते प्रशिक्षित तज्ज्ञाकडे पाठवावे. केवळ एका चित्रणावर निदान ठरत नाही. मेंदूचे एमआरआय आणि हाताने केलेली तपासणी त्याच्या जोडीला लागते. पण चुळबुळ दिसली नाही, तर पक्के निदान होईपर्यंत न थांबता थेरपिस्टकडे जावे. तेथे आईला, खेळण्याकडे हात नेण्याची बाळाची धडपड त्याच्याकडूनच कशी पूर्ण करून घ्यायची, हे त्याच सतरंजीवर शिकवले जाते.