स्वस्त चावीचं घड्याळ: दोन घराणी, दोन दुरुस्त्या

जुनं चावीचं मनगटी घड्याळ ओळखायला बसलं की नजर आधी डायलवरच्या नावाकडे जाते. कमी किमतीच्या घड्याळात नेमकं तेच सगळ्यात कमी सांगतं, कारण एकच मशीन कितीतरी नावांखाली विकलं गेलेलं असतं. विचारायचं ते वेगळंच: हे घड्याळ स्वस्त कशामुळे झालं? त्याची दोन मोठी उत्तरं आहेत आणि दुरुस्ती कशी करायची तेही त्यांवरच ठरतं.

पहिलं उत्तर जॉर्ज फ्रेडरिक रॉसकॉफ यांचं. जन्मानं जर्मन, पण धंदा स्वित्झर्लंडमधल्या ला शो-द-फोंमध्ये. कामगाराला परवडेल असं २० फ्रँकचं खिशातलं घड्याळ त्यांनी १८६७ मध्ये आणलं. त्यात अवघे ५७ भाग होते. एरवी मशीनच्या मधोमध जे सेंटर व्हील असतं ते त्यांनी काढूनच टाकलं, बॅरल (चावी दिली की आवळणारी मेनस्प्रिंग जिच्यात असते ती डबी) मोठं करून मध्यापर्यंत आणलं आणि काट्यांची चाल थेट बॅरलवरून घेतली. शेवटच्या चाकाचा, म्हणजे एस्केप व्हीलचा, एकेक दात अडवून सोडणारं जे पॅलेट, त्यावरच्या माणकाच्या खड्यांऐवजी दोन उभ्या पोलादी पिना वापरल्या. पुढे लाखोंनी बनलेल्या पिन-लिव्हर मनगटी घड्याळांचं मूळ इथं आहे.

सेंटर व्हील काढल्याचा परिणाम दुरुस्तीच्या टेबलावर आजही भोगावा लागतो. घड्याळ टिकटिकतंय पण काटे जागचे हलत नाहीत, ही तक्रार नेहमीची. साध्या रचनेत कॅनन पिनियन (मिनिट काटा बसतो ती दातेरी नळी) सैल झालेलं असतं. ते काढून, आत सुई धरून, हलकेच आवळलं की काम होतं. रॉसकॉफ रचनेत मात्र कॅनन पिनियन मधल्या स्थिर खुंटीवर मोकळंच फिरायला हवं. ते आवळलं तर घड्याळ बंद पडतं. पकड असते ती बॅरलवर घट्ट बसवलेल्या चाकात, म्हणजे घट्ट करायचं ते तिथं. बॅरलवरच्या चाकाला तेल जास्त झालं तरी काटे घसरतात. ही एक गोष्ट माहीत नसल्यानं बरीच चांगली मशीनं वाया गेली आहेत.

पिनांचं दुखणं निराळं. तेल सुकलं की एस्केप व्हीलचे दात पिनांवर कोरडे घासतात आणि पिनेला खाच पडते. मशीन धुऊन, तेल घालूनही चाल अडखळत असेल तर १०x भिंगाखाली पॅलेट फिरवून दोन्ही पिना सगळ्या बाजूंनी पाहाव्यात. खाच असेल तर पिन फिरवून न झिजलेली बाजू पुढे आणावी किंवा त्याच जाडीची कडक पोलादी पिन बसवावी. पिनांना हलक्या तेलाचा सूक्ष्म थेंब लागतो. माणकाच्या खड्यांच्या मशीनप्रमाणेच इथंही बॅलन्स (मागेपुढे डुलणारं चाक) आणि पॅलेट काढण्याआधी मेनस्प्रिंगचा ताण क्लिक (तिला उलटं सुटू न देणारी खिटी) धरून पूर्ण उतरवलाच पाहिजे. तो तसाच ठेवून पॅलेट उचललं तर सगळी चाकं भन्नाट वेगानं सुटतात आणि दात किंवा पिव्हट (आसांची बारीक टोकं) मोडतात.

पिन-लिव्हर म्हणजे निकृष्ट, हा समज मात्र सोडून द्यावा. स्वित्झर्लंडनं १९३४ मध्ये कायदा करून नवीन प्रकारच्या मशीनसाठी सरकारी परवानगी बंधनकारक केली. त्यामुळे ओरिससारखी कंपनी पिन-लिव्हरमध्येच अडकली. ही अट १९६६ मध्ये सुटेपर्यंत त्यांनी पिनांचीच मशीनं सुधारत नेली. तिकडे अमेरिकेत टायमेक्सनंही पिनाच वापरल्या आणि बॅलन्सचे पिव्हट निमुळते करून कटोरीसारख्या बेअरिंगमध्ये बसवले. टायमेक्स ओळखणं तर फारच सोपं. साठच्या दशकापासून डायलच्या तळाशी, सहाच्या खाली, बारीक आकडे असतात. समजा तिथं २०२७४ ०२४७८ असं आहे: पहिले पाच मॉडेलचे, ०२४ म्हणजे २४ क्रमांकाचं मशीन आणि ७८ म्हणजे १९७८ साल.

दुसऱ्या घराण्यानं मशीन चांगलंच ठेवलं, पण ते एका ठिकाणी प्रचंड संख्येनं बनवून सगळ्यांना विकलं. ए. शिल्ड (एएस), फोंतेनमेलों (एफएचएफ) आणि ए. मिशेल या मशीन बनवणाऱ्या स्विस कंपन्यांनी १९२६ मध्ये एबोश एसए ही एकत्रित कंपनी स्थापन केली. एटा ही मशीन बनवणारी कंपनी तिच्यात १९३२ मध्ये आली. डायलवर कोणतंही नाव असलं तरी खरा पत्ता बॅलन्सच्या कडेखाली, मेनप्लेटवर (मशीनच्या मुख्य पत्र्यावर) कोरलेला असतो: एखादं बारीक चिन्ह आणि नंबर, उदाहरणार्थ एएस ११३० किंवा एफएचएफ ९६. नंबर नसेल तर डायल काढून सेटिंग लिव्हर स्प्रिंगचा (काटे लावायच्या यंत्रणेवरच्या पट्टीचा) आकार पाहावा. जुन्या सुट्या भागांच्या कॅटलॉगमध्ये मशीनं याच आकारावरून शोधतात. सोबत व्यास मोजावा. मशीनचा व्यास लिन्य या जुन्या मापात सांगतात; एक लिन्य म्हणजे २.२५६ मिमी, तेव्हा ११½ लिन्यचं मशीन साधारण २६ मिमीचं.

बॅलन्सच्या पुलावर (त्याला वरून धरणाऱ्या पट्टीवर) तीन अक्षरी कोड दिसला तर तो अमेरिकेत आयात करणाऱ्याचा असतो, त्याला बनवणारा समजू नये. ‘अनॲडजस्टेड’ (वेगवेगळ्या स्थितींत आणि तापमानांत चाल जुळवलेली नाही) या शिक्क्यानंही बिचकू नये. अमेरिकेच्या १९३० च्या जकात कायद्यात प्रत्येक ॲडजस्टमेंटवर वेगळा कर होता आणि १७ पेक्षा जास्त खड्यांवर फार मोठा. म्हणून १७ हा आकडा इतका रूढ झाला. खडे स्वतः मोजावेत: बॅलन्सचे चार, पॅलेटचा धक्का बॅलन्सला पोचवणारा इम्पल्सचा एक, पॅलेटचे दोन असे सात. पॅलेटचा आस, एस्केप, चौथं आणि तिसरं चाक यांचे प्रत्येकी दोन मिळून पंधरा. सेंटर व्हीलचे दोन धरून सतरा. डायलवर १७ लिहिलं आणि आत पिना निघाल्या, असंही होतं.

हेअरस्प्रिंग (बॅलन्सला डोलवणारी बारीक वेटोळ्यांची स्प्रिंग) निळी पोलादी असेल तर घड्याळ तासाला काही मिनिटं पुढे पळण्याचं कारण बहुधा चुंबकत्व असतं. वेटोळे एकमेकांना चिकटतात. रेग्युलेटर (चाल कमीजास्त करायचा काटा) हलवण्याआधी डिमॅग्नेटाइझ करावं. इन्काब्लॉकसारखी धक्कारोधक बैठक नसेल तर बॅलन्सचा आस मोडलेला किंवा वाकलेला निघण्याची शक्यता मोठी.

केसच्या मागे ‘स्टेनलेस स्टील बॅक’ असतं, तेव्हा पुढचा भाग बहुतेक क्रोम चढवलेल्या पितळाचा असतो. तो घासून चमकवला की खालचं पिवळं पितळ बाहेर येतं आणि क्रोम परत चढवल्याशिवाय इलाज उरत नाही. डायलवर पाण्याचा हात लावू नये, छपाई निघून येते. साठच्या दशकापर्यंतचे अंधारात चमकणारे आकडे रेडियमचे असू शकतात. चमक गेली तरी रेडियम जात नाही, त्याचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं आहे. विझतं ते त्यातलं झिंक सल्फाइड. अशी डायल खरवडू नये, तिची धूळ श्वासात जाऊ देऊ नये.

सुट्या भागांतही दोन घराण्यांचा फरक जाणवतो. एएस किंवा एफएचएफच्या नंबरावर बॅलन्सचा आस, स्टेम (चावीचा दांडा), मेनस्प्रिंग आजही शोधता येतात. पिन-लिव्हरसाठी असे साठे फार झाले नाहीत, कारण ती दुरुस्तीपेक्षा बदलण्यासाठी बनली. बीएफजी या स्विस कंपनीच्या ८६६ सारखं पिन-लिव्हर मशीन उघडण्याआधी त्याच क्रमांकाचं दुसरं, भाग काढण्यापुरतं, जवळ ठेवावं. पॅलेट आणि बॅलन्स त्यातूनच येतात.