ही ओळ छापली कुणी?

प्रोग्राम नीट चालतो, निकालही बरोबर येतो, पण मध्येच स्क्रीनवर '[]' अशी एक ओळ उमटते. तपासणीसाठी टाकलेला एखादा प्रिंट, म्हणजे किंमत स्क्रीनवर छापणारी सूचना, काढायचा राहून गेला, हे उघड आहे. तो नेमका कुठे राहिला, हे मात्र ओळ सांगत नाही. त्या जागी 'इथे आलो 2' असं काही असतं तर सर्चमध्ये लगेच सापडलं असतं. '[]' म्हणजे कुठल्यातरी रिकाम्या लिस्टची किंमत, ती सर्च करून हाती काय लागणार?

छापून बघण्याची सवय कॉम्प्युटरइतकीच जुनी. केंब्रिजचं एडसॅक हे कॉम्प्युटर 1949 मध्ये सुरू झालं आणि 1951 मध्ये स्टॅनली गिल यांनी त्यावरच्या प्रोग्राममधल्या चुका कशा शोधाव्यात यावर निबंध लिहिला. त्यांचं तपासणी सबरूटीन (प्रोग्रामला जोडायचा छोटा उपप्रोग्राम) एकेक सूचना चालवत जायचं आणि ती सूचना कुठली हे सांगणारं तिचं अक्षर छापायचं.

युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आधी निकाल आणि तक्रारी, म्हणजे चुकांचे संदेश, एकाच वाटेने, स्टँडर्ड आउटपुटमधून बाहेर पडत. एका प्रोग्रामचं आउटपुट थेट दुसऱ्याला देणारा पाइप आल्यावर एका प्रोग्रामची तक्रार दुसऱ्याच्या इनपुटमध्ये घुसू लागली. युनिक्सच्या 1975 च्या सहाव्या आवृत्तीपर्यंत लोकांनी ते चालवून घेतलं. त्यानंतर युनिक्सच्या निर्मात्यांपैकी एक डेनिस रिची यांनी तक्रारींसाठी स्टँडर्ड एरर वेगळा केला. वाट वेगळी झाली, पण पाठवणाऱ्याचा पत्ता काही आला नाही. सिस्टिमच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, दिसतो फक्त लिहायची विनंती करणारा 'राइट' कॉल, फाइल क्रमांक 1 (आउटपुट) किंवा 2 (एरर), आणि काही बाइट. माझ्या मते सगळ्या त्रासाचं मूळ इथेच आहे.

एरिक ऑलमन यांनी 1980 च्या दशकात सेंडमेल या ईमेल पोचवणाऱ्या प्रोग्रामच्या जोडीने सिसलॉग ही संदेश नोंदवायची सोय आणली. त्यात संदेशाला प्रोग्रामचं नाव आणि गंभीरतेची पातळी जोडता येऊ लागली. पुढच्या लॉगिंग (नोंदी ठेवणाऱ्या) लायब्ररींनी फाइल आणि ओळ क्रमांकही दिला. पण हे सगळं शिस्तीत लॉगरमधून लिहिणाऱ्यांसाठी. विसरलेला प्रिंट त्या वाटेने जातच नाही.

म्हणून त्याला बाहेर पडायच्या दारातच पकडावं लागतं. जीडीबी या चुका शोधायच्या साधनामध्ये 'राइट'वर ब्रेकपॉइंट (प्रोग्राम थांबवायची खूण) लावून कॉल स्टॅक, म्हणजे कुठलं फंक्शन कुणी बोलावलं याची यादी, पाहायचा. मात्र सी प्रोग्रामचं आउटपुट फाइलकडे वळवलं असेल तर ते आधी बफर या मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत साठतं, आणि ब्रेकपॉइंट लागतो तो बफर रिकामा होताना, भलत्याच फंक्शनमध्ये. (यात वेळ फार जातो. आधी बफरिंग बंद करावं.) पायथनमध्ये स्टँडर्ड आउटपुटच्या जागी आपला ऑब्जेक्ट बसवून प्रत्येक लिखाणाला ट्रेसबॅक, म्हणजे तिथवर पोचलेल्या कॉलची यादी, छापता येतो. प्रिंटच बदलून टाकणं मात्र 2008 च्या 3.0 आवृत्तीपासून सोपं झालं, कारण तोवर प्रिंट हे बदलता येणारं फंक्शन नव्हतं, भाषेतच बसवलेलं स्टेटमेंट होतं.

वेब पानं बनवणाऱ्या पीएचपी भाषेने पाठवणाऱ्याचा हा पत्ता वेगळ्याच गरजेपोटी ठेवला. एचटीटीपी हेडर, म्हणजे पानाबद्दल ब्राउझरला दिलेली माहिती, मजकुराच्या आधी जावे लागतात. आधीच काही छापलं गेलं असेल तर 'हेडर आधीच पाठवले' अशी वॉर्निंग येते, आणि आउटपुट कुठल्या फाइलच्या कितव्या ओळीवर सुरू झालं तेही त्यातच असतं. तिथे जाऊन पाहावं तर पुष्कळदा प्रिंट नसतोच, असते ती पीएचपीच्या समाप्तीच्या खुणेनंतर राहिलेली जादा रिकामी ओळ.