मदतनीस ते सेविका : काम सांभाळून शिकण्याची जुनी वाट

अंगणवाडीची मदतनीस झाडलोट करते, पाणी भरते, घरोघर जाऊन मुलांना घेऊन येते, आहार शिजवते आणि वाढते. रडणारं मूल बहुतेक वेळा तिच्याच कडेवर असतं. केंद्र सरकारच्या २०२२ च्या ‘सक्षम अंगणवाडी आणि पोषण २.०’ सूचनांनुसार सेविकांची निम्मी पदं पाच वर्षं काम केलेल्या मदतनिसांमधून भरायची आहेत. मात्र पात्रतेची अट आहे बारावी पास. सातवीनंतर शाळा सुटलेल्या बाईची वाट तिथेच अडते.

नोकरी करत शिकणं आपल्याकडे नवं नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांबरोबर १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ काढला आणि १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेलं. मुलं बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची, हा ताराबाईंचा विचार. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्यातूनच आला. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव मिळालं.

बोर्डीला ताराबाईंना येऊन मिळालेल्या अनुताई वाघ स्वतः अशाच, काम सांभाळून शिकल्या. शिक्षिकेची नोकरी करता करता रात्रशाळेतून मॅट्रिक, आणि १९६१ मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, पदवी. कोसबाडला त्यांनी घडवलेल्या बालवाडी शिक्षिका समोर मुलं असताना शिकवणं शिकल्या. मला तरी प्रशिक्षणाची याहून चांगली रीत माहीत नाही.

योजना देशभर पसरली, कामं आणि नोंदवह्या वाढल्या, पण सेविका आणि मदतनीस मानधनावरच राहिल्या. शिकण्यासाठी पगारी रजा मिळावी, हा विचारच मग कुठे रुजला नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने निदान दिशा दाखवली. बारावी झालेल्या सेविकांना सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, कमी शिकलेल्यांना वर्षाची पदविका. दोन्ही मोबाइल आणि डीटीएचवरून, कामात कमीत कमी खंड पडेल असे, शिवाय महिन्यातून किमान एक प्रत्यक्ष वर्ग. ही तरतूद सेविकांसाठी आहे. मदतनिसीला बारावी स्वतःच्या हिमतीवर करायची आहे, आणि परीक्षेच्या दिवशी तिच्या अंगणवाडीत चूल कोण पेटवणार, हे आधी ठरवायला हवं.