डक्टविरहित बहुकक्ष हीट पंप

डक्टविरहित बहुकक्ष हीट पंप : डक्ट (हवा वाहून नेणारी पत्र्याची वाहिनी) न वापरता, घराबाहेर एक यंत्र, आत खोल्याखोल्यांत स्वतंत्र हवा-यंत्रे आणि त्यांना जोडणाऱ्या तांब्याच्या नळ्या, एवढ्या सामग्रीवर घर थंडीत गरम आणि उन्हाळ्यात थंड ठेवणारी प्रणाली. बाजारात तिला मल्टी-स्प्लिट म्हणतात. कॉम्प्रेसर (वायू दाबणारा पंप) बाहेरच्या यंत्रात असतो. मेकॅनिक या बाहेरच्या यंत्राला नुसते ‘आउटडोअर’ म्हणतात आणि खोलीतल्याला ‘इनडोअर’. घरगुती आउटडोअरला साधारणपणे दोन ते पाच इनडोअर जोडता येतात, काही मॉडेलांना आठपर्यंत. प्रत्येक खोलीचे तापमान वेगळे ठेवता येते. मात्र एका वेळी सगळ्या खोल्या गरम तरी होतील किंवा थंड तरी. एका खोलीत गरम आणि दुसरीत थंड हवा मागितली, तर नंतर मागणी करणारे इनडोअर नुसते थांबून राहते. दोन्ही एकाच वेळी हवे असल्यास वेगळ्या बांधणीची, उष्णता-पुनर्प्राप्तीची प्रणाली लागते आणि ती बरीच महाग असते.

तत्त्व

विजेच्या हीटरमध्ये एक युनिट विजेची एक युनिट उष्णता होते, त्याहून जास्त होऊच शकत नाही. हीट पंप उष्णता तयार करत नाही. बाहेरच्या हवेतली उष्णता उपसून आत आणतो. बाहेर शून्य अंश सेल्सिअस असले तरी त्या हवेत उष्णता असते आणि उणे १० अंशांना उकळणारा गॅस (शीतक) ती सहज शोषून घेतो. कॉम्प्रेसर या वाफेचा दाब वाढवतो, तशी ती तापते आणि इनडोअरच्या कॉइलमध्ये (नळीच्या वेटोळ्यात) द्रवरूप होताना आपली उष्णता खोलीला देते. एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून दाब उतरला की चक्र पुन्हा सुरू होते. आउटडोअरमधला चार तोंडांचा व्हॉल्व्ह प्रवाहाची दिशा उलटी करतो आणि तेच यंत्र खोली थंड करू लागते.

ही कल्पना जुनी आहे. यंत्राने इमारत तापवण्याचा विचार विल्यम थॉमसन (लॉर्ड केल्व्हिन) यांनी १८५२ मध्ये मांडला होता. घरगुती वापराला खरे बळ मिळाले ते १९८० नंतर, कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा इन्व्हर्टर घरगुती यंत्रांत आला तेव्हा. एका आउटडोअरवर अनेक इनडोअर चालवणारी व्हीआरव्ही प्रणाली डायकिनने १९८२ मध्ये बाजारात आणली; मोठ्या इमारतींसाठीची ही मांडणी तत्त्वाने घरगुती मल्टी-स्प्लिटच्या जवळची आहे.

कार्यक्षमता कुठून येते

दिलेल्या विजेच्या किती पट उष्णता मिळाली, या गुणोत्तराला सीओपी म्हणतात. त्याची सैद्धांतिक कमाल मर्यादा दोन तापमानांवर ठरते: गरम कॉइलचे केल्व्हिनमधले तापमान भागिले दोन्ही कॉइलच्या तापमानांतला फरक. समजा बाहेर ७ अंश आहेत. यंत्र संथ चालले आहे, बाहेरची कॉइल २ अंशांवर आणि आतली ३५ अंशांवर आहे. मर्यादा येते ३०८ भागिले ३३, म्हणजे ९.३. तेच यंत्र पूर्ण जोरात पळवले तर तेवढ्याच कॉइलमधून जास्त उष्णता ढकलावी लागते. मग बाहेरची कॉइल उणे ५ वर उतरते, आतली ४८ वर चढते आणि मर्यादा ३२१ भागिले ५३, म्हणजे ६.१ वर येते. प्रत्यक्ष यंत्र या मर्यादेच्या साधारण ४० ते ५० टक्के गाठते. हवामान तेच, यंत्र तेच, फरक फक्त वेगाचा. तरी सीओपी सव्वाचारच्या आसपास मिळणार की पावणेतीनच्या, हे त्या वेगावर ठरते.

म्हणूनच बचत जन्माला येते ती संथ आणि सलग चालण्यात. थंडीचा कडाका वर्षातले मोजके दिवस असतो. उरलेल्या दिवसांत घराची गरज कमाल गरजेच्या निम्मी किंवा त्याहूनही कमी असते. हंगामाचा खर्च याच दिवसांवर ठरतो.

डक्ट नसण्याचा फायदा वेगळा आणि निर्विवाद आहे. पोटमाळ्यातून किंवा तळघरातून नेलेल्या डक्टच्या सांध्यांतून आणि पत्र्यातून वाया जाणारी ऊर्जा घर गरम-थंड करण्यासाठी लागणाऱ्या ऊर्जेच्या ३० टक्क्यांच्याही वर जाऊ शकते, असे अमेरिकेचा ऊर्जा विभाग सांगतो. तांब्याच्या इन्सुलेटेड नळीत हा तोटा फार थोडा असतो.

लेबलवरचे आकडे वाचताना एक हिशेब हाताशी ठेवावा. युरोपातला एससीओपी हा थेट हंगामी सरासरी सीओपी असतो. अमेरिकेतले एचएसपीएफ आणि २०२३ पासूनचे एचएसपीएफ-२ हे बीटीयू (उष्णतेचे एकक) प्रति वॅट-तास असतात, त्यांना ३.४१२ ने भागले की सरासरी सीओपी मिळतो. एचएसपीएफ-२ जर ८.५ असेल, तर सरासरी सीओपी २.५ च्या जवळ आहे.

बहुकक्ष रचनेचे दुखणे

विक्रीच्या वेळी या भागाबद्दल क्वचितच बोलले जाते, म्हणून तो सविस्तर सांगणे गरजेचे आहे. एकास एक जोडलेला लहान मिनी-स्प्लिट आपली क्षमता बरीच खाली आणू शकतो. चार-पाच खोल्यांसाठीच्या मोठ्या आउटडोअरचा कॉम्प्रेसर तेवढा संथ होऊ शकत नाही. समजा त्याची किमान क्षमता ३ किलोवॅट आहे आणि सौम्य थंडीच्या संध्याकाळी फक्त बैठकीची खोली १ किलोवॅट उष्णता मागते आहे. यंत्र सुरू होते, काही मिनिटांत खोली तापते, यंत्र बंद पडते, थोड्या वेळाने पुन्हा सुरू होते. प्रत्येक वेळी दाब नव्याने उभा करण्यात वीज जाते आणि कॉम्प्रेसरची झीज होते. ज्या संथ चालण्यातून बचत व्हायची तेच इथे घडत नाही. एकास एक यंत्रांचा एससीओपी सहसा त्याच कंपनीच्या मल्टी-स्प्लिटपेक्षा चांगला असतो, त्यामागे हे मोठे कारण आहे.

दुसरी गोष्ट बंद खोलीतली. गरम करण्याच्या मोडमध्ये बंद इनडोअरची कॉइल हीसुद्धा गार जागाच असते. तिथे गॅस द्रवरूप होऊन साचू लागला, तर चालू खोल्यांना तो कमी पडेल. म्हणून बंद इनडोअरचा व्हॉल्व्ह यंत्र किंचित उघडा ठेवते. रिमोट बंद असूनही इनडोअरच्या जाळीवर हात धरला तर कोमट लागतो, तो यामुळे. ही उष्णता घरातच राहते, पण नको असलेल्या खोलीत. लहान, चांगले इन्सुलेशन असलेल्या बेडरूमचे तापमान अशा वेळी मागणी नसताना वाढत राहते.

नको त्या खोल्या बंद ठेवल्याने होणारी बचतही वाटते तेवढी नसते. आतल्या भिंतींना सहसा इन्सुलेशन नसते. शेजारची खोली थंड पडली की तापलेल्या खोलीची उष्णता भिंतीतून आणि दाराच्या फटीतून तिकडे ओढली जाते. निम्म्या खोल्या बंद म्हणून खर्च निम्मा, असे होत नाही.

निवड

आधी प्रत्येक खोलीची उष्णताहानी मोजावी: भिंती, खिडक्या, छत, फटींतून येणारी हवा आणि त्या ठिकाणचे नेहमीचे किमान तापमान. चौरस फुटांना ठरावीक आकड्याने गुणण्याची पद्धत जवळजवळ नेहमी जास्त क्षमतेचे यंत्र गळ्यात मारते. १२ चौरस मीटरच्या, चांगले इन्सुलेशन असलेल्या बेडरूमला कडाक्याच्या थंडीतही अर्धा-पाऊण किलोवॅट पुरतो, तर भिंतीवरचे सर्वांत लहान इनडोअर सहसा २ किलोवॅटच्या घरात असते. त्यामुळे खोली तिथे इनडोअर हा हट्ट सोडावा. एकमेकींत उघडणाऱ्या मोकळ्या खोल्यांना एक इनडोअर द्यावे आणि अगदी लहान खोलीची क्वचितची गरज साध्या पॅनेल हीटरवर भागवावी.

इनडोअरच्या क्षमतांची बेरीज आउटडोअरच्या १३० टक्क्यांपर्यंत चालते, असे अनेक कंपन्या सांगतात. ते खरे आहे, पण सगळ्या खोल्यांनी एकदम मागणी केली की प्रत्येकीच्या वाट्याला कमी येते. उलट आउटडोअर गरजेपेक्षा मोठे घेतले तर वर सांगितलेली चालू-बंद सुरू होते. कागदपत्रांत दोन आकडे अवश्य शोधावेत: त्या भागातल्या किमान तापमानाला मिळणारी कमाल क्षमता आणि सौम्य तापमानाला मिळणारी किमान क्षमता. मॉडेलच्या नावातला आकडा या दोन्हींतले काही सांगत नाही. घरात दोनच मोठ्या जागा असतील आणि बाहेर जागा मिळत असेल, तर दोन स्वतंत्र एकास एक यंत्रे हाच सहसा अधिक चांगला पर्याय ठरतो. एक बिघडले तरी दुसरे चालू राहते, ही त्यात जमेची बाजू.

बचतीचा हिशेब

घराला वर्षाला १०,००० युनिट उष्णता लागते असे धरू. साध्या हीटरला तेवढीच वीज लागते. सरासरी सीओपी २ झाला की ५,००० युनिट वाचतात. २ वरून ३ वर गेल्यास आणखी १,६६७ आणि ३ वरून ४ वर गेल्यास फक्त ८३३. विजेच्या हीटरवरून कोणत्याही बऱ्या हीट पंपाकडे येण्यातला लाभ प्रचंड आहे. पुढच्या प्रत्येक टप्प्यासाठी किती जास्त मोजायचे, ते हा उतरता क्रम पाहून ठरवावे. बऱ्याचदा तोच पैसा छताच्या इन्सुलेशनमध्ये घातला तर अधिक वाचतो.

इंधनाशी तुलना करताना विजेचा दर भागिले इंधनाचा दर (दोन्ही प्रति किलोवॅट-तास) असे गुणोत्तर काढावे आणि बॉयलरच्या (इंधन जाळून घर तापवणाऱ्या यंत्राच्या) कार्यक्षमतेने गुणावे. वीज गॅसच्या तिप्पट महाग आणि बॉयलर ९० टक्के कार्यक्षम असेल, तर ३ × ०.९ = २.७. हंगामी सीओपी २.७ च्या वर राहिला तरच बिल कमी होते. वीज चौपट महाग असेल तर तोच उंबरठा ३.६ वर जातो आणि वारंवार चालू-बंद होणारे मल्टी-स्प्लिट तो सहसा ओलांडू शकत नाही.

बसवणी

आउटडोअरपासून प्रत्येक इनडोअरपर्यंत नळ्यांची स्वतंत्र जोडी जाते, लहान इनडोअरला सहसा दोन सूत आणि तीन सूत (पाव इंच आणि तीन-अष्टमांश इंच). एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आउटडोअरमध्ये असल्याने थंड करताना दोन्ही नळ्या गार पडतात. म्हणून दोन्हींना वेगवेगळे इन्सुलेशन लागते. एकाच वेष्टनात दोन्ही गुंडाळल्या तर त्या एकमेकींना उष्णता देत राहतात.

सगळ्यात जास्त गळती फ्लेअर सांध्यांत (नळीचे तोंड पसरवून नटाने आवळलेल्या जोडांत) होते आणि मल्टी-स्प्लिटमध्ये असे सांधे प्रत्येक खोलीमागे चार. नळी कापल्यावर आतली कोर तोंड खाली धरून साफ करावी, म्हणजे कीस आत पडत नाही. फ्लेअरच्या पाठीमागे कॉम्प्रेसर तेलाचा एक थेंब लावावा आणि नट टॉर्क पान्यानेच आवळावा: दोन सूतला १४ ते १८ न्यूटन-मीटर, तीन सूतला ३४ ते ४२. अंदाजाने जास्त आवळलेला नट फ्लेअरला चिरतो आणि गळती काही महिन्यांनी दिसते. नटाभोवती तेलकट, धूळ बसलेला डाग ही तिची खूण. मग कोरड्या नायट्रोजनने कंपनीने दिलेल्या दाबापर्यंत चाचणी, त्यानंतर व्हॅक्युम पंपाने ५०० मायक्रॉनच्या (अतिशय कमी दाबाचे एकक) खाली निर्वात. पंप बंद करून काट्यावर १०-१५ मिनिटे लक्ष ठेवावे. आकडा थोडा चढून थांबला तर आत ओलावा आहे, चढतच राहिला तर गळती. ओलावा तेलाशी मिळून आम्ल बनवतो आणि कॉम्प्रेसर आतून खातो. हवा राहिली तर दाब आणि वीज दोन्ही वाढतात.

मल्टी-स्प्लिटची खास चूक म्हणजे वायरींची अदलाबदल: नळ्या बरोबर, पण दोन खोल्यांच्या वायरी आउटडोअरवर एकमेकींच्या जागी. मग बैठकीत हीटिंग लावले की व्हॉल्व्ह उघडतो बेडरूमचा. बैठकीत पंखा गार हवा फेकतो आणि पंखा बंद असलेल्या बेडरूमच्या कॉइलमध्ये दाब चढून यंत्र ट्रिप होते. तपासणी सोपी आहे: एका वेळी एकच इनडोअर १० मिनिटे चालवावे आणि आउटडोअरवर त्याच्याच नळ्या तापतात का, ते हाताने पाहावे. सगळी इनडोअर एकदम चालू करून ‘चालतंय’ म्हणणाऱ्याला ही चूक सापडत नाही.

वापर

शून्य ते ५ अंशांची दमट हवा आउटडोअरवर बर्फ बसवते. तो वितळवायला यंत्र काही मिनिटे उलटे चालते आणि तेवढ्या वेळात सगळ्याच खोल्यांची गरम हवा थांबते. ती बिघाडाची खूण नव्हे. वितळलेले पाणी वाहून जाण्यासाठी आउटडोअर नेहमीच्या बर्फाच्या थरापेक्षा उंच स्टँडवर हवे.

रात्री तापमान पाच-सहा अंश उतरवून पहाटे पुन्हा चढवणे ही सवय बॉयलरला परवडते, हीट पंपाला परवडत नाही. पहाट ही सगळ्यात थंड वेळ, आणि तेव्हाच यंत्र पूर्ण जोराने पळते. एक-दोन अंशांचा उतार पुरे. पंखा ऑटोवर ठेवावा. आवाज टाळण्यासाठी तो सतत मंद ठेवला की कॉइल जास्त तापते आणि सीओपी घसरतो. इनडोअरचा सेन्सर छताजवळची हवा मोजतो, त्यामुळे रिमोटवरचा आकडा आणि बसण्याच्या उंचीवरचे तापमान यांत दोन-तीन अंशांचा फरक पडू शकतो. फिल्टर दोन ते चार आठवड्यांनी धुवावा. पंख्याच्या लांब पात्यांवर चिकट धूळ बसली की हवा निम्म्यावर येऊ शकते, मग फिल्टर धुऊन काही साधत नाही. कव्हर उतरवून पातीच साफ करावी लागतात.

शीतक

जुन्या आर-४१०ए ची जागतिक तापवाढ क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या २,०८८ पट, तर आर-३२ ची ६७५ पट आहे. २०१६ च्या किगाली करारानुसार अशा वायूंचा वापर टप्प्याटप्प्याने कमी केला जात आहे. आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे आणि मल्टी-स्प्लिटमध्ये सगळ्या खोल्यांचा गॅस एकच असतो: एका बेडरूमचा सांधा गळला तर पूर्ण घराचा गॅस त्या एका खोलीत येऊ शकतो. म्हणून एकूण गॅसच्या वजनावरून सर्वांत लहान खोलीचे किमान क्षेत्रफळ ठरते आणि ते कंपनीच्या तक्त्यात दिलेले असते. नळ्या लांब असल्या की दर मीटरमागे ठरावीक ग्रॅम गॅस वाढवावा लागतो. तो वजनकाट्यावरच भरावा आणि भरलेले वजन आउटडोअरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावे, पुढच्या मेकॅनिकला सर्वांत आधी तेच लागते.